मणक्याचं ऑपरेशन झालं, तरी दुखणं का राहतं?

टाके निघालेले असतात. जखम कोरडी झालेली असते. नव्या एमआरआयच्या रिपोर्टवर नसेवरचा दाब गेल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. तरीही माणूस डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर एका कुल्ल्यावर भार देऊन, एक हात मांडीखाली दाबून बसलेला असतो. दुसऱ्या बाजूने टेकलं की पोटरीपर्यंत कळ जाते.

घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन फेल गेलं.’ भेटायला येणारे म्हणतात, ‘मणक्याला हात लावूच द्यायचा नव्हता.’ आणि रुग्णाच्या मनात हळूहळू एक वेगळीच भीती घर करते: आपलं दुखणं लोकांना खोटं तर वाटत नसेल? फोटोत सगळं ठीक आहे म्हटल्यावर कुणाला काय दाखवणार? ही भीती मला त्या कळेइतकीच क्रूर वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो. फोटो चांगला आणि दुखणं खरं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

‘फेल गेलं’ हे निदान नव्हे. डॉक्टरांच्या भाषेतही बरीच वर्षं असाच एक शब्दप्रयोग होता, ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’. नक्की काय बिघडलं ते त्यातून कळायचं नाही, फक्त कुणीतरी नापास झाल्यासारखं वाटायचं. २०२१ मध्ये वेदनातज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याऐवजी ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ हे नाव सुचवलं. म्हणजे मणक्याचं चिवट, न हटणारं दुखणं. ऑपरेशन न झालेल्यांचा पहिला प्रकार, झालेल्यांचा दुसरा. हे किती जणांना होतं? वेगवेगळ्या अभ्यासांत १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत आकडे सापडतात. इतका फरक पडतो कारण ऑपरेशनं निरनिराळी असतात आणि ‘बरं वाटलं’ म्हणजे काय हेही प्रत्येक जण निराळं मोजतो.

कारणं पुष्कळ आहेत, पण त्यांच्या गर्दीतून वाट काढायला दोन साधे प्रश्न पुरतात. एक, ऑपरेशनच्या आधी जास्त काय दुखत होतं, पाय की कंबर? आणि दोन, ऑपरेशननंतर थोडे दिवस तरी बरं वाटलं होतं का?

पाय की कंबर?

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेर चिवट धाग्यांची गोल कडी आणि आत मऊ, ओलसर गर. कडीला चीर पडली की गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे निघालेल्या नसेच्या मुळाला टेकतो. नुसता दाबतो असं नाही, त्यातली रसायनं नसेला चिडवतात, ती सुजते. मग कंबरेतून निघालेली कळ कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट बोटांपर्यंत उतरते. हीच सायटिका. अमेरिकेतल्या बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये हा संबंध नीट मांडला आणि गादीच्या ऑपरेशनचं युग तिथून सुरू झालं.

या ऑपरेशनमध्ये सर्जन दुर्बिणीतून बघत हाडाचा छोटा तुकडा काढतो, नस हळूच बाजूला घेतो आणि तिच्यावर बसलेला गादीचा तुकडा चिमट्याने ओढून काढतो. काम यांत्रिक आहे. दाब होता, तो काढला. त्यामुळे ज्याचं दुखणं खरोखर त्या दाबाचं होतं, त्याला फायदाही तसाच ठळक होतो. रुग्णाची निवड नीट झाली असेल तर दहापैकी साधारण आठ-नऊ जणांचा पाय मोकळा होतो. कित्येकांना तर भुलीतून जाग येतानाच कळतं की ती कळ गेली.

कंबरेचं तसं नाही. कंबर दुखते तेव्हा ते दुखणं गादीतून येत असेल, मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांतून, स्नायूंतून, माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड यांच्या सांध्यातून, किंवा या सगळ्यांतून थोडं थोडं. त्यातलं एक नेमकं ठिकाण बोट ठेवून दाखवणारी खात्रीची तपासणी अजून कुणाकडे नाही. म्हणून नसेवरचा दाब काढण्याचं ऑपरेशन कंबरदुखीसाठी केलं, तर पाय सुधारूनही रुग्ण म्हणतो, ‘काहीच फरक नाही.’ त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. त्याने कंबर बरी होईल या आशेवर सही केली होती आणि सर्जनने पायासाठी सुरी चालवली होती. निराशेची एवढी मोठी रास निव्वळ या एका गैरसमजावर उभी आहे, आणि तो ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं बोलून दूर होऊ शकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

फोटोवर किती विसंबायचं?

‘गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’. रिपोर्टमधले हे शब्द माणसाच्या मनात कायमचे रुतून बसतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली आणि चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांची गादी एका जागी चक्क बाहेर आलेली होती. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं. केस पांढरे होतात तशा गाद्याही सुकतात.

म्हणजे फोटोत दिसलेला दोष आणि अंगात असलेलं दुखणं, यांची गाठ मारावी लागते; ती आपोआप बसत नाही. कंबरेतल्या पाचव्या नसेवर दाब असेल तर कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जायला हवी, अंगठा वर उचलायला जड जायला हवा. त्याखालच्या नसेवर असेल तर करंगळीची बाजू बधिर, चवड्यावर उभं राहणं कठीण. फोटो एक सांगतोय आणि पाय दुसरंच सांगत असेल, तर पायाचं ऐकायचं असतं.

एक दिवसही बरं वाटलं नाही, तर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ऑपरेशननंतर जुनं दुखणं एक दिवसही हललं नाही, जसंच्या तसं राहिलं, तर तीन शक्यता आधी तपासायच्या.

पहिली, दुखण्याचा उगम मणक्यात नव्हताच. खुब्याचा सांधा झिजला की जांघेत, मांडीत, कधी गुडघ्यापर्यंत दुखतं, आणि पन्नाशी-साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये कुठेतरी दाब सापडतोच. मग बिचारा मणका पकडला जातो. हे ओळखायची रीत किती साधी आहे बघा. रुग्णाला उताणं झोपवायचं, गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवायचा, आणि पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायचं, म्हणजे मांडी आतल्या बाजूला वळते. एवढ्याने जांघेत जोराची कळ आली तर संशय खुब्यावर. शंका राहिलीच तर सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात. काही तास दुखणं थांबलं की चोर सापडला. चालताना पोटऱ्या भरून येतात त्यामागे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा माणसाला नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. मणक्यातली जागा अरुंद झालेल्या माणसाला मात्र पुढे वाकावं किंवा बसावं लागतं. आणि दोन्ही तळपायांची आग, मोज्यासारखा बधिरपणा हे मधुमेहातल्या नसांच्या आजाराचं लक्षण असू शकतं, त्यावर कंबरेचं कुठलंही ऑपरेशन उपयोगाचं नाही.

दुसरी शक्यता, जागा चुकली. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण मणके बाहेरून सगळे सारखेच लागतात आणि मोजदाद एक्स-रेवर करावी लागते. त्यातून काही माणसांत कंबरेचे मणके पाचाऐवजी सहा किंवा चार असतात, मग मोजणी खालून केली की एक उत्तर आणि वरून केली की दुसरं.

तिसरी, दाब पूर्ण गेलाच नाही. मधली जागा मोकळी झाली, पण नस जिथून बाहेर पडते त्या कडेच्या बोळात ती अजून अडकलेली आहे. किंवा गादीचा एखादा तुटका तुकडा वर-खाली सरकून लपलेला राहिला आहे. इथे एक अडचण येते. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे तिथे सूज आणि रक्त असल्यामुळे एमआरआय जवळजवळ आधीसारखाच दिसू शकतो. घाईने काढलेला फोटो बघून घाईने घाबरू नये.

आधी बरं वाटलं, मग परतलं

हे चित्र अगदी वेगळं. पाय मोकळा झाला होता, माणूस खूष होता, आणि मग दुखणं परत आलं. किती दिवसांनी आलं, यात उत्तर दडलेलं असतं.

दोन-चार आठवड्यांत आलं, पायापेक्षा कंबर जास्त दुखायला लागली, रात्री अंथरुणात कूस बदलतानाही किंकाळी फुटावी इतकी, तर आधी जंतुसंसर्गाचा विचार करायचा. गादीच्या जागी संसर्ग झाला तर वरची जखम पूर्ण भरलेली, तापही नसलेला असू शकतो. शरीरातला दाह दाखवणाऱ्या सीआरपी या रक्ततपासणीचा आकडा ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत चढतो आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. तो उतरून पुन्हा चढला, किंवा उतरलाच नाही, तर थांबायचं नाही.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खोकल्याचं किंवा वाकल्याचं निमित्त होऊन त्याच पायात तीच कळ एकदम परतली, तर त्याच गादीतून नवा तुकडा बाहेर आला असण्याची शक्यता मोठी. सर्जन बाहेर आलेला भाग काढतो, सगळी गादी नव्हे. कडीतलं भोक उरलेलंच असतं. शंभरात साधारण ५ ते १५ जणांत असं घडतं. ‘मी पथ्य पाळलं नाही म्हणून झालं’ असं स्वतःला टोचत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हळूहळू, दबक्या पावलांनी दुखणं परत आलं तर नसेभोवतीचा व्रण आठवतो. जखम भरताना आतही चिकट जाळी तयार होते, ती नसेला धरून ठेवते. इथे मी जरा सावध राहीन. व्रण प्रत्येकाच्या पाठीत होतो, ज्याला काहीही त्रास नाही त्याच्याही. म्हणून दुसरं काही सापडलं नाही की व्रणाच्या नावावर सगळं ढकलणं सोपं, पण ते नेहमी खरं नसतं. शिरेतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये व्रण उजळतो आणि गादीचा तुकडा काळाच राहतो, त्यावरून दोघांतला फरक कळतो.

स्क्रू आणि सळया बसवून मणके जोडलेल्या रुग्णांच्या अडचणी थोड्या निराळ्या. तिथे खरं जोडकाम हाडाने करायचं असतं. स्क्रू म्हणजे काँक्रीट वाळेपर्यंत लावलेला टेकू. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. ते जुळलंच नाही तर टेकू सैल होतो, कधी मोडतो. तंबाखू आणि सिगारेट इथे उघड शत्रू आहेत, निकोटिनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. दुसरी गोष्ट, कंबरेचा नैसर्गिक बाक. मणके सपाट स्थितीत जोडले गेले तर माणूस कायम किंचित पुढे कललेला राहतो. मग ताठ उभं राहण्यासाठी पाठीचे स्नायू दिवसभर ओढत बसतात आणि संध्याकाळपर्यंत थकून जातात. आणि जोडलेला भाग हलत नाही म्हटल्यावर त्याच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर जास्त भार पडतो. पाच-दहा वर्षांनी परतलेलं दुखणं बऱ्याचदा या शेजारच्या गादीचं असतं.

नस मोकळी झाली, पण दुखावलेली होती

काही वेळा सगळं बरोबर झालेलं असतं. निदान बरोबर, जागा बरोबर, दाबही गेलेला. तरी पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते आणि मागे राहते. कारण नस बराच काळ चेपलेली होती आणि आतले धागे मेलेले होते. नसेचा धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत अंतर पाऊण मीटरच्या आसपास. हिशेब केला तर दोन वर्षं होतात, आणि इतका काळ नसेविना राहिलेला स्नायू तोवर वाट बघेलच असं नाही. सुदैवाने बहुतेकांच्या नसेचे सगळे धागे मरत नाहीत, काही नुसते बधिर झालेले असतात, ते लवकर जागे होतात.

सुधारण्याचा क्रम माहीत असला तर बरीच घालमेल वाचते. साधारणपणे आधी कळ जाते, मग हळूहळू ताकद येते आणि बधिरपणा, मुंग्या सगळ्यात शेवटी जातात, कधी थोड्या उरतातही. तिसऱ्या आठवड्यात करंगळी बधिर आहे म्हणून ऑपरेशन वाया गेलं असं नाही.

एक अपवाद मात्र कधीही विसरू नका. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं, पायाची ताकद झपाट्याने कमी होणं, यांतलं काहीही झालं तर ऑपरेशनच्या आधी असो वा नंतर, त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

वेदनेची घंटा वाजतच राहते

महिनोन्महिने कळ सोसलेल्या शरीरात आणखी एक गोष्ट घडते. क्लिफर्ड वुल्फ या संशोधकाने १९८३ मध्ये प्रयोगातून दाखवलं की सतत मारा होत राहिला तर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात. मग हलका स्पर्शही टोचतो, छोटं दुखणं मोठं होऊन मेंदूपर्यंत जातं, आणि मूळ कारण काढल्यावरही घंटा वाजत राहते. सर्जनच्या चिमट्याला ही गोष्ट हाती लागत नाही.

या घंटेचा आवाज झोप, काळजी आणि भीती यांच्यावर वर-खाली होतो. ऑपरेशनच्या आधी ज्यांना नैराश्य होतं, किंवा ‘वाकलो की संपलंच’ अशी भीती ज्यांच्या मनात खोल बसलेली होती, त्यांना फायदा कमी होताना दिसतो. ‘दुखणं मनाचं आहे’ असा याचा अर्थ मुळीच नाही. कृपा करून कुणाला असं म्हणू नका. वेदना तयार होते ती मज्जासंस्थेत, आणि झोप, काळजी, भीतीही त्याच मज्जासंस्थेतून चालतात. एकाचा धक्का दुसऱ्याला लागतोच. अफूवर्गातल्या जोरदार वेदनाशामकांचंही असंच आहे: फार दिवस घेतली तर काहींची वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढते.

मग पुन्हा ऑपरेशन?

कारण ठोस सापडलं तर जरूर. नवा तुकडा, संसर्ग, मोडलेला स्क्रू, राहून गेलेला दाब, यांवर दुसरं ऑपरेशन चांगलं काम करू शकतं. पण ‘दुखतंय ना, मग आत पुन्हा बघू’ एवढ्यावर टेबलावर झोपू नका. प्रत्येक वेळी व्रण वाढतो, पाठीचे स्नायू आणखी कमकुवत होतात आणि बरं वाटण्याची शक्यता आधीपेक्षा कमी होत जाते. संसर्ग किंवा नस झपाट्याने जात असल्याची चिन्हं नसतील, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला वेळ असतो. विचारलं म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

ऑपरेशन न करता वाट बघण्यालाही वजन आहे. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका अभ्यासात तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचे दोन गट केले, एकाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्याने आधी थांबायचं. ऑपरेशनवाल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली, हे खरं. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते, आणि थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांनाच पुढे ऑपरेशन लागलं.

ठोस कारण न सापडलेल्यांसाठी नसांवर काम करणारी औषधं, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि वेदनेशी वागण्याचं प्रशिक्षण, हे तिन्ही एकत्र दिलेलं जास्त उपयोगी पडतं. पायाची कळ हटतच नसेल तर मज्जारज्जूजवळ बारीक तारा बसवून सौम्य विजेचे स्पंद देण्याचं यंत्र असतं. हा प्रयोग पहिल्यांदा १९६७ मध्ये झाला. २००७ च्या एका चाचणीत सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्या ४८ टक्के रुग्णांची पायाची वेदना निम्म्याने तरी उतरली, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होतं. नंतरच्या सगळ्याच चाचण्या इतक्या उत्साहवर्धक नाहीत. म्हणून कायमचं यंत्र बसवण्याआधी काही दिवस तात्पुरत्या तारा घालून बघतात.

डॉक्टरांकडे जाताना फोटोंच्या जाड पाकिटाबरोबर एक साधा कागदही न्या. त्यावर माणसाची पुढची आणि मागची आकृती काढा. ऑपरेशनच्या आधी जिथे दुखत होतं तिथे निळ्या पेनने रेघा मारा, आता दुखतंय तिथे लाल. बाजूला लिहा: ऑपरेशननंतर किती दिवस बरं होतं, कधी परतलं, एका दमात किती मिनिटं चालता येतं. निळं आणि लाल तंतोतंत एकावर एक बसलं, तर शोध एका दिशेने जातो. निळं पायात आणि लाल कंबरेत असेल, तर पूर्ण वेगळ्या दिशेने.